त्या दिवशी रस्त्यानं तूच आलतास, बशीर

निस्त्या चालीवरनं माणूस वळखणारा माझ्यासारखा गडी आख्ख्या लोहारा तालुक्यात दुसरा न्हाय, हे तुला ठावंच हाय, बशीर. परवा तुझ्या मयतीत माझ्या बाजूनं चाललेल्या माणसाला म्या "पाव्हणं, कुठलं गाव?" म्हणून इचारलं, तर त्यो माझा सख्खा मेव्हणा निघाला.

त्याची बी थोडी चूक हाय. त्यानं डोक्याला रुमाल बांधलता. रुमाल बांधून खाली मान घालून चाललाय म्हंजे तुझाच कुणीतरी उमरग्याकडचा सोयरा, असं मी आधीच धरून चाललतो. मेव्हणा जागच्या जागी हुभा राह्यला. म्हणला, "दाजी, सकाळी तुमच्याच अंगणात च्या पिलो की आपण." तू असतास तर जीपचं हारन दाबून दाबून हसला असतास. पण तू बाजूला न्हव्हतास, म्होरं खांद्यावर व्हतास, म्हणून हसायचं काम बी मलाच करावं लागलं. लोकांनी माझ्याकडं बघितलं. मयतीत हसतंय येडं.

माती दिल्यावर जीप स्टँडवरच्या डायवरांनी मला म्होरं केलं. "दगडू, तू त्याचा जिगरी. तूच दोन शब्द बोल." मी हुभा राह्यलो आन् "बशीर..." एवढंच म्हणलो, तर मागनं कुणीतरी फिस्सकन हसलं. मग समदेच. डोळ्यात पाणी हाय आन् हसायलेत. आता मी काय चेष्टा केलती? पण दगडू हुभा राह्यला म्हंजे कायतरी सोंग करणार, हे लोकांनी घरनंच ठरवून आणलेलं असतंय. मी खाली बसलो. म्हणून आता तुझ्याशीच बोलतो. तू बी हसायचास, पण आधी ऐकून घेऊन मग हसायचास.

शिकलेल्यागत बोलणं मला जमायचं न्हाय. शाळंत मी एकदाच गेलो, छपराचे पत्रे ठोकायला. त्या दिवशी बी मास्तर म्हणले, खाली उतर, पोरांचं ध्यान तुझ्याकडंच हाय.

तुला एक इचारायचं राह्यलंय बशीर. लई दिवस झाले, ओठावर यायचं आन् माघारी जायचं. ते इचारायच्या जागी मी जोक मारायचो. आता तू गेलास आन् ते तोंडात तसंच हाय, फणसाच्या चिकागत. सांगतो. पण एकदम सांगितलं तर माझं मलाच हसू यील, दमानं सांगतो.

तुझी जीप आठवती. माकणी ते लोहारा. बाकीचे डायवर शिटा भरल्या का बघायचे, तू आरशात रस्ता बघायचास. लांबनं माणूस यायला लागला की तू निस्ती चाल बघून सांगायचास. "ही यमुनामावशी, दवाखान्याला निघाली, थांबा जरा." "हे मास्तर, ह्यांना लोहाऱ्याला जायचं न्हाय, घरात भांडण झालंय म्हणून चालायलेत, चला." आन् तू बरोबर असायचास. म्हणून तर लोकं तुझ्याच जीपला बसायची. आपल्यासाठी कुणीतरी थांबतंय, हे काय कमी हाय?

मग ते बाजाराच्या दिवशीचं. आठवतंय का? तात्यांच्या ज्वारीपाशी वळणावर तू गाडी हुभी केलीस. दर बाजाराला तात्या तिथनंच बसायचे. तू आरशात बघून म्हणलास, "आले तात्या, थांबा." समद्यांनी माना वाकड्या करून मागं बघितलं. ज्वारीच्या कडंला तात्यांचा निळा सदरा. एक म्हणला, "व्हय, यायलेत की." दुसरी म्हणली, "आज दमानं यायलेत, तब्येत बरी दिसत न्हाय." मी तर चालीचा वस्ताद. म्या सांगितलं, "डाव्या पायावर जोर द्यायलेत बघा. काटा रुतलाय." लई येळ झाला. तात्या यायलेत, यायलेत, पण जवळ काय येईनात. तवा पार मागच्या शिटावरनं, त्या दिवशी गावातनंच बसलेले आन् आमच्यासंगंच वाकून बघणारे तात्या म्हणले, "आरं पर कोण यायलंय? कुणाची वाट बघायलाव तुमी?"

बुजगावणं व्हतं ते. तात्यांनीच आपला जुना सदरा घातलता त्याला. वाऱ्यानं बाही हालत व्हती, तेवढ्यावर आमी त्याला चालवलं, दमवलं आन् काटा बी रुतवला. आन् तात्या सोता आपल्याला येताना बघत बसलते!

समदी जीप हसली, तू तेवढा हसला न्हाईस. स्टेरिंगवर हात ठेवून म्हणलास, "दगडू, माणूस डोळ्यानं निम्मंच बघतो लेका. निम्मं घरनं बांधून आणलेलं असतंय, भाकरीगत."

तवाच मला राग आला. कामून, ते मी तुला आज सांगतो. कारण ते माझ्या धंद्यावर व्हतं.

धंदा म्हंजे पत्र्याचा न्हाय, सोंगाचा. दर धुळवडीला पारापाशी माझं सोंग. ना मुखवटा, ना रंग. मी निस्ता चालायचो आन् तू तेलाचा रिकामा डबा वाजवत म्हणायचास, "वळखा कोण!" मी पोलीस पाटलागत पोट म्होरं घालून चालायचो, की पाटील सोता हसायचे. सावकाराच्या सुनंगत पदर सावरत चाललो की बाया तोंडाला पदर लावायच्या. गावात मला मजुरी कुणी येळेवर दिली न्हाय, पण चाल समद्यांनी उधार दिली. मला वाटायचं, देवानं मला बाकी कायबी दिलं न्हाय, पण ही कला दिली. बायकु म्हणायची, "ती बी सेकंडहँड दिसती." पण मी मनावर घ्यायचो न्हाय.

आन् तू म्हणायलास, निम्मं लोकंच घरनं आणतेत. आपलं कडाक्याचं भांडण झालं त्याच्यावरनं. तू म्हणलास, "बरं. ह्या धुळवडीला तू कायबी करू नगं. कुणाचीच चाल काढू नगं. सोताच्या घरी चालल्यागत चाल. मी निस्तं नाव घेतो."

धुळवड आली. डबा वाजला. मी आपला साधा चाललो. साधा म्हंजे किती साधा, चपलीचा अंगठा तुटलता म्हणून एक पाय घासत व्हता, तेवढंच. तू वरडलास, "वळखा कोण! आपले मंडळ अधिकारी!" आन् बशीर, काय सांगू तुला, लोकं लोळायला लागली. "आरं त्यो पाय घासणं बघा! आरं हुबेहूब!" एका म्हाताऱ्याला ठसका लागला, त्याला पाणी पाजावं लागलं. ते अधिकारी पाय घासत चालत न्हव्हतेच कधी. पण त्या दिवसापासनं समद्यांना ते पाय घासतच दिसायला लागले.

मी घरी येऊन आडवा झालो. बायकु म्हणली, "आजचं सोंग लई भारी झालं, आतापरेंत असं कधी जमलं न्हव्हतं तुमास्नी." त्या दिवशी मी जेवलो न्हाय.

पण एक चाल अशी व्हती की तिथं तुझं गणित चालायचं न्हाय. ती म्हंजे तुझी. तुझ्या चालीची नक्कल ही माझी पक्की, खरी, डोळ्यानं बघून उचललेली. उजवा खांदा खाली, डावा पाय जरासा बाहीर फेकायचा, आन् दर थोड्या अंतरावर मान एकदा झटकायची. धुळवडीत शेवटाला तेच सोंग असायचं. तू डबा वाजवायचास आन् म्हणायचास, "हे बशीर डायवर!" आन् गाव डोक्यावर घ्यायचं. तुझा थोरला भाई, उमरग्याचा गॅरेजवाला, मुद्दाम त्यासाठी धुळवडीला यायचा. पोट धरून हसायचा. "दगडू, हुबेहूब बशीर! आमच्या अम्मीला बी फरक कळला नसता!" सख्ख्या भावाचं सर्टिफिकेट, अजून काय पायजे?

ती चाल म्या कशी उचलली ते बी तुला ठावं हाय. धरणाच्या रस्त्याला एका शेडवर मी पत्रे ठोकायलतो. तू म्हणलतास, दुपारच्याला खिळे घेऊन यीन. मी वर बसून तुझीच वाट बघायलो. उन्हाच्या झळा अशा की रस्ता पाण्यागत हालायलाय. आन् लांबनं तू आलास. त्यो खांदा, त्यो पाय, ती मान. म्या हाक मारली. तू वर बघितलं न्हाईस, वळणावरनं गावाकडं निघून गेलास, पाठमोरा. मी चिडलो, पण चाल डोळ्यात बसली ती बसलीच.

दुसऱ्या दिवशी तू खिळे घेऊन आलास आन् म्हणलास, "काल मी आलोच न्हाय. जीपचं क्लच तुटलं, मी लोहाऱ्यातच व्हतो."

"खोटं बोलू नगं. म्या माझ्या डोळ्यानं बघितलं."

"निम्म्या डोळ्यानं बघितलंस."

ह्यावर आपण किती भांडलो असू! शेवटाला हाटेलात भांडलो ते आजारपणात. तुझा हात कापायलता, बशीतला च्या सांडायलता, तरी तू म्हणलास, "त्या दिवशी मी न्हव्हतो." मी म्हणलो, "मरताना तरी खरं बोल." तू म्हणलास, "मरताना सांगतो." आन् सांगितलं काय न्हाईस. च्या पितापिताच गेलास.

तुझ्या त्या कापऱ्या आजाराचं सांगतो. उमरग्याच्या डाक्टरनं कंपवात म्हणून सांगितलं. हात कापायचा त्याचं तुला काय न्हव्हतं. "जीप बी कापतीच की," म्हणायचास. पण पाय चिकटायला लागले, तवा तुझं तोंड उतरलं. मोकळ्या रस्त्यावर चालायचास, पण उंबऱ्यापाशी आलास की पाय जमिनीला खिळ्यानं ठोकल्यागत. मनात चालणं हाय, पायात न्हाय. तू मला एकदाच म्हणलास, "दगडू, मला जितेपणी कुणी उचलू नये बघ. मेल्यावर उचला. त्याच्या आधी नगं." एवढंच तुझं मागणं व्हतं. ज्यानं जन्मभर लोकांना पोचवलं त्याला उचलून पोचवायची पाळी, हे तुला सोसणार न्हव्हतं. आन् मला बी.

मग एका सकाळी मी तुला हाटेलात न्यायला आलो. तू उंबऱ्यात हुभा. तुझी बायकु रजियाभाभी मागनं धरून. तुझं पोरगं म्हणायलं, उचलून बाहीर घेतो. तू मान हालवायलास, नगं नगं. मला काय करावं सुचंना. आन् मला काय सुचंना की मी काय करतो? सोंग करतो. म्या तुझ्या म्होरं अंगणात तुझीच चाल काढली. खांदा खाली, पाय बाहीर, मान झटकून. भाभींनी अशा डोळ्यानं बघितलं की मी तिथंच मेलो असतो. पण तू बघायलास. एकटक. आन् तुझा पाय उचलला. उंबऱ्याच्या बाहीर पडला. मग दुसरा.

मी थांबलो की तू थांबायचास. मी चाललो की तू चालायचास. मी म्होरं वाकडा, तू मागं. अशीच रोजची आपली वरात सुरू झाली, घर ते हाटेल. पोरं वरडायची, "दोन बशीर चालले!" तुला बरं वाटायचं. मला बी वाटायचं, गड्या, जिंदगीभर लोकांना हसवलं त्या कलेनं आज एक माणूस चालायलाय. मी आतनं फुगलतो बशीर, सांगत न्हाय कुणाला.

पण एका दिवशी हाटेलात तात्याच म्हणले, चारचौघात, "दगड्या, पांगळ्या माणसाच्या म्होरं त्याचीच नक्कल करत चालतूस. दोस्त म्हणवतूस. लाज न्हाय वाटत?"

तू बशीत बघत व्हतास.

तुझी ती खाली गेलेली मान बघून माझा च्या तसाच राह्यला. तवापासनं ते माझ्या तोंडात आलं आन् माघारी गेलं. इतक्या धुळवडी म्या तुला गावाम्होरं वाकडा चालवला. तुझा पोरगा गर्दीत असायचा, भाभी माडीवरनं बघायच्या. तू डबा वाजवायचास आन् हसायचास, पण डबा वाजवणाऱ्याला हसावंच लागतंय. माझ्या सोंगानं तुला कधी लागलं का, बशीर? एवढंच. एवढंच इचारायचं व्हतं. दुसऱ्या दिवशी मी इचारणारच व्हतो, पण तू उंबऱ्यात हुभा राहून म्हणलास, "चल की लवकर, च्या थंड व्हतोय," आन् मी खांदा खाली केला आन् चाललो.

तू गेलास त्या सकाळी बी तसंच. आलो, बसलो. तू बशी तोंडाला लावलीस, खाली ठेवलीस, भिताडाला टेकलास. मला वाटलं, डुलकी लागली. म्या हाटेलवाल्याला सांगितलं, हळू बोल. तुझं मरण बी मला झोपच दिसली. निम्म्या डोळ्यानं.

खरं सांगू? रडलो मी, पण आतनं हलकं बी वाटलं. तू अंथरुणात पडला न्हाईस. तुला कुणी धुतलं न्हाय, पालथं केलं न्हाय, जितेपणी एकदा बी उचललं न्हाय. आपल्या पायानं हाटेलात आलास आन् तिथनं गेलास. आमी उचललं ते एकदाच, आन् ते तुझ्या मर्जीनं. मी बी खांदा दिला. तुमच्या लोकांची मयत लई चिंगाट चालती गड्या. माझा पाय चुकला, मी ठेचकाळलो, तर एक पोरगं हसलं. त्याला वाटलं, दगडूनाना सोंग करायलेत. मी खरंच ठेचकाळलतो. तू म्हणायचास ना, "तू खरं चाललास तरी लोकं हसणार." हसली.

आन् त्याच येळी एक झालं. खांदा बदलून मी मागं आलो, तर म्होरच्या गर्दीत तू चालायलास. खांदा खाली, डावा पाय बाहीर, मान झटकली. वर खाटंवर बी तूच आन् खाली चालायलास बी तूच. वळून बघितलं त्या माणसानं, तर तुझा थोरला भाई. म्या डोळे पुसले. म्हणलं, दुखात माणसाला जिकडं तिकडं गेलेलंच माणूस दिसतंय, दुसरं काय.

काल मी तुझ्या घरी गेलो. पाव्हणे पांगलते. तुझी चप्पल अजून उंबऱ्यापाशीच हाय. भाभी वसरीत बसून तांदूळ निवडायलत्या. मी जरा येळ दोन जोक मारायचं बघितलं, एक बी यीना. मग तोंडातलं ते बाहीर आलंच.

"भाभी, एक इचारतो, खरं सांगा. माझ्या त्या सोंगानं बशीरला कधी लागलं का वो?"

भाभींनी वर बी बघितलं न्हाय. "लागायला ती त्येंची चाल पायजे ना, दगडूभाऊ."

"म्हंजे?"

"खांदा पाडून, पाय फेकून, मान झटकून. ती तर भाईजानची चाल. आमचे हे काठीगत सरळ चालायचे. त्या दिवशी तुमी पत्र्यावरनं बघितलं ते भाईजान व्हते, आमच्याकडं आलते. ह्यांची जीप खरंच लोहाऱ्यात मोडून पडलती."

बशीर, छातीवरनं ज्वारीचं पोतं उतरल्यागत झालं बघ. तुला लागलं न्हव्हतं. कधीच न्हव्हतं. एवढा जीव हलका झाला, की माझ्या हयातीतली एकुलती एक खरी कला बी खोटी निघाली हे कळायला मला जरा येळच लागला.

"पर भाईजान तर सोता म्हणायचे, हुबेहूब बशीर!"

"सोताची चाल कुणाला दिसती व्हय? आमचे हे 'बशीर डायवर' म्हणून वरडायचे, समद्यांना बशीर दिसायचा. मला सोडून."

"मग बशीरनं मला सांगितलं का न्हाय?"

"दर खेपेला सांगितलं की, त्या दिवशी मी न्हव्हतो म्हणून. तुमी ऐकलं का?" भाभींनी सुपातला एक खडा उचलून बाहीर टाकला. "घरी येऊन उशीत तोंड घालून हसायचे. म्हणायचे, सांगितलं तर दगडूचं मन मोडंल आन् भाईजानला राग यील. चालू दे."

हाटेलात बशीत बघत व्हतास, ते हसू दाबायलतास व्हय रे? आन् मी ते तोंडात धरून हिंडायलो!

पर एक माझ्याकडं राह्यलंच व्हतं. तेवढं तरी माझं असंल म्हणून म्या इचारलं, "पर भाभी, आजारपणात त्यो माझ्या मागं चालायचा त्याचं काय? उंबऱ्यातनं पाय उचलला तो माझंच बघून ना?"

तवा भाभींनी वर बघितलं. डोळे भरलते, पर तोंड हसायलतं.

"तुमचंच बघून. म्हणायचे, दगडू म्होरं चुकायला लागला की माझं बरोबर कसं व्हतं ते मला ध्यानात येतंय. तुमी बरोबर चालला असता ना भाऊ, तर आमचा माणूस उंबऱ्यातच राह्यला असता."